हाकतो की राखतो

मी सुरतच्या एअरपोर्टवर पाखरं हाकतो. हसा, हसा. आईसुद्धा हसली होती. "मुडद्या, ज्वारीची राखण नको म्हणून सुरतेला पळालास, अन् तिथंही पाखरंच?" आता काय सांगू! गावाकडं हातात गोफण होती, इथं फटाके अन् वॉकीटॉकी, एवढाच फरक. विमानं वाढली तशा घारीही वाढल्या. भिंतीबाहेर कुणी शिळंपाकं टाकलं की आमच्या डोक्यावर त्यांची जत्रा. मग टॉवरवरून निरोप येतो, रनवेजवळ टिटव्या बसल्यात. उतरायला आलेलं विमान वरच घिरट्या घालतं आणि मी घसा फोडत गवतातून पळतो. एखादं पाखरू इंजिनात गेलं तर आतल्यांची धडगत नाही.

लग्नाचं बघायला लागलो आणि हीच नोकरी आडवी आली. आधीच्या एका स्थळानं 'पाखरं' ऐकून चहासुद्धा टाकला नाही. सुरतेतल्याच बमरोलीची मुलगी मात्र मला फोटोतच आवडली होती. तिनं नकार दिला असता तर मी खरंच खचलो असतो. तिला बघायला निघालो तेव्हा मामा रिक्षातच म्हणाले, "तू तोंड उघडू नको. मी बघतो."

मुलीच्या वडिलांचं आयुष्य कापडाच्या लूमच्या खडखडाटात गेलेलं. कान पार बसलेले. त्यामुळं त्या घरात सगळेच ओरडून बोलत. आम्ही पायरी चढलो तेव्हा मला वाटलं, आत भांडण जुंपलंय.

"पाहुणे, काम काय करता?" त्यांनी विचारलं.

मामांच्या आधी मीच बोललो. "पाखरं हाकतो!"

मुलगा एअरपोर्टवर आहे, एवढंच त्यांना ठाऊक. "काय? विमानं राखता?"

"हो हो, तेच!" मामा ओरडले. "याच्या हुकमाशिवाय विमान खाली उतरत नाही!"

"हाकतो, हाकतो," मी पुन्हा म्हटलं.

"राखायलाच पाहिजे," ते कौतुकानं मान हलवत म्हणाले. "आजकाल कशाचा भरवसा नाही." मामांनी माझ्या पायावर पाय दिला.

पोहे देणारी मुलगी ओठ दाबून हसत होती. तिचे कान चांगले शाबूत होते. पण तिच्या मनात काय आहे ते कळेना.

तेवढ्यात गच्चीवरून तिची आई ओरडली, "अगं बाई, कुरडयांवर कावळे बसले!"

सवय वाईट. मी ताडकन उठलो, दारात गेलो आणि बेंबीच्या देठापासून हाळी दिली, "हाऽऽ रेऽऽ हाऽऽऽ!" कावळे उडाले, शेजारच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली, गल्लीतलं कुत्रंही उठून गेलं.

वडील माझ्याकडं बघतच राहिले. "अस्सं! म्हणजे तुम्ही पाखरं हाकता!"

मामांनी कपाळाला हात लावला. झालं, संपलं. मी चपला कुठं काढल्यात ते बघू लागलो.

मग दाराआडून मुलगी बोलली, त्या घरात कधी कुणी बोललं नसेल इतकं हळू. "बाबांना पहिल्याच हाकेला ऐकू आलं. असा माणूस आपल्या घरात पाहिजेच."

"काय म्हणतेय?" वडिलांनी कानाला हात लावला. मामा उगाच खोकले.

शेवटी मीच सांगितलं, थेट रनवेवरच्या आवाजात. "होऽऽ म्हणतेय!"

परत कुरडयांवर बसू पाहणारे कावळे पुन्हा उडाले.