तास कमी पडले

ही गोष्ट मी आजवर टाळत आलो. आमच्या जबलपूरच्या मराठी मंडळींत जुन्या माणसांचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "अहो, त्या पायलटबद्दल सांगा ना. तुमचा तर तो जानी दोस्त." मग मी त्याच्या सायकलची गंमत सांगतो, सगळे हसतात, आणि मी चहाचा कप तोंडाला लावतो. पुढचं कधी सांगितलं नाही. आता सांगतो. ज्याच्यासमोर लाजायचं, तो माणूसच राहिला नाही.

सायकलची गंमत अशी, की तिच्यावर बसण्याआधी तो तिच्याभोवती एक पूर्ण फेरी मारायचा. पुढचं चाक दाबायचा, मागचं दाबायचा, हँडल दोन्हीकडे वळवून बघायचा, ब्रेक आवळायचा, साखळीवरून बोट फिरवायचा. मग मान वर करून आभाळाकडे बघायचा आणि म्हणायचा, "चलो. हवा आपल्या बाजूची आहे." जायचं असायचं कुठं, तर कोपऱ्यावर मेथी आणायला.

विमानाभोवती अशी फेरी मारल्याशिवाय पायलट आत चढत नाही, हे मला त्याच्याकडून कळलं. विमान हाताशी नव्हतं आणि सवय तर मोडू द्यायची नव्हती, म्हणून सायकल.

जबलपूरच्या गढा भागात आमची घरं भिंतीला भिंत लागून होती. त्याचे वडील रेल्वेत इंजिन ड्रायव्हर. जन्मभर रुळांवर चाललेल्या माणसाच्या पोराला रूळच नको झाले. त्याने फ्लाइंग क्लबात जाऊन विमान शिकून घेतलं आणि धंद्याने विमान चालवायचा परवानाही मिळवला. वडिलांची होती नव्हती ती शिल्लक त्यात गेली. परवाना घेऊन तो घरी आला त्या दिवशी मोहल्ल्यात पेढे वाटले. त्या दिवसापासून तो सगळ्यांचा 'पायलट' झाला. त्याचं खरं नाव त्याची आई रागावली तरच ऐकू यायचं.

मी लष्करी सामानाच्या एका फॅक्टरीत होतो. कोणत्या, हे सांगायची तेव्हा पद्धत नव्हती.

पायलटला नोकरी मिळेना. जिथे जाईल तिथे एकच प्रश्न: आजवर किती तास विमान चालवलंत? त्याचे तास परवान्यापुरते होते, त्याहून फारसे नाहीत. "तास वाढवून या," असं सांगून सगळे परत पाठवायचे. नोकरीशिवाय तास वाढणार कसे, हे कुणी सांगायचं नाही. हवाई दलाच्या निवडीलाही तो एकदा जाऊन आला. तिथून परत पाठवलं, कारण सांगितलं नाही.

"म्हणजे वेड गेल्याबिगर लगन नाही, न् लगन झाल्याबिगर वेड जात नाही," त्याची आई म्हणायची. "माह्या पोराचं तसंच होऊन राह्यलं."

"तास कमी पडले, यार," तो मला सांगायचा. परीक्षेत दोन मार्कांनी राहिलेल्या पोराच्या सुरात. तक्रार नसायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्ज.

सराव सुटू नये म्हणून त्याने गच्चीवर एक वेताची खुर्ची ठेवली होती. फॅक्टरीतून परतलो की मी वर जायचो. तो खुर्चीत डोळे मिटून बसलेला असायचा. एक हात गुडघ्यांच्या मधोमध, दुसरा बाजूला, पाय हळूहळू मागेपुढे. डोळे मिटण्याआधी दूरच्या चिमणीचा धूर कुठं झुकतो ते बघून तो वारा ठरवायचा आणि विमान उतरवायचा. एकदा उतरता उतरता पाय लांब गेला आणि आईच्या वाळत घातलेल्या कुरडयांचा चुरा झाला.

"उतराले दुसरी जागा नाही सापडली का रे तुले?" आई जिन्यातून ओरडली.

"आई, आडवा वारा होता!"

"तुह्या वाऱ्याले तेलात तळते मी आता!"

त्याला मुलगी दाखवायला नेलं तेव्हा मी बरोबर होतो. मुलीचे वडील पोस्टात होते. त्यांनी पोह्यांची बशी पुढे केली आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "मंग जी, विमान कुठं ठेवता?"

पायलटने घास गिळला. "सध्या तर सायकल आहे, काका. ती ओसरीत ठेवतो."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांच्यावर हसताना त्यांचाच आवाज सगळ्यांत मोठा असतो. परत येताना तो रस्ताभर हसत होता. स्थळ अर्थातच तेव्हा जमलं नाही.

मग एका खाजगी कंपनीचं बोलावणं आलं. ही कंपनी विदर्भात कपाशीवर विमानातून औषध फवारायची. पिकाच्या डोक्यावरून, विजेच्या तारा चुकवत, अगदी खालून उडायचं काम. जुने पायलट ते घ्यायला बघत नसत, म्हणून नव्यांना संधी होती. मुलाखत देऊन तो आला तेव्हा सायकलभोवती त्याने दोन फेऱ्या मारल्या.

"विमान चालवून दाखवलं, यार. खूश झाले. तासांचं म्हणाले, बघून घेऊ. आता फक्त माणूस कसा आहे याची चौकशी करतील. पिणारा, भांडकुदळ माणूस नको त्यांना. बरोबर आहे, एवढं महागाचं विमान हाती द्यायचं."

चौकशी कुणाकडे करणार, हे मी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

याच सुमारास पाकिस्तानशी लढाई सुरू झाली. पासष्टची. फॅक्टरीत पाळ्या वाढल्या, खिडक्यांच्या काचांवर काळे कागद लागले. आम्हाला रांगेत उभं करून सुरक्षा अधिकाऱ्याने बजावलं, "बाहर कोई कुछ भी पूछे, किसी के बारे में पूछे, एक ही जवाब: मालूम नहीं." आमच्या विभागातला एक जण पानठेल्यावर काहीतरी बोलला म्हणून त्याला दोनदा बोलावून घेतलं होतं. त्याचा चेहरा आम्ही पाहिला होता. त्या दिवसांत आम्ही घरीसुद्धा 'मालूम नहीं' म्हणायचो. बायकोने विचारलं, जेवायला कधी येणार, तरी मालूम नहीं.

अशातच पाळी सुटल्यावर फाटकाबाहेर एका माणसाने मला गाठलं. पांढऱ्या मिशा, ताठ पाठ, फौजेतून निवृत्त झाल्यासारखा. त्याने माझं नाव घेतलं, मग पायलटचं नाव घेतलं.

"आप इनको जानते हैं?"

"मालूम नहीं."

तो हसला. "भैया, वो तो कहते हैं आप उनके सबसे करीबी दोस्त हैं. कैसे आदमी हैं? कहाँ उठना-बैठना है?"

आजूबाजूने फॅक्टरीची माणसं जात होती. एकदोघांनी मान वळवून बघितलं. हा माणूस पोलिसांचा असेल तर? पायलटने काही केलं असेल तर? माझ्या डोक्यात पानठेल्यावर बोललेल्या त्या माणसाचा चेहरा आला.

"दोस्त-वोस्त कुछ नहीं," मी म्हणालो. "मोहल्ले में देखा है, बस."

इथे थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. फॅक्टरीची सवय म्हणून स्वतःची समजूत घातली असती. पण तो माणूस जागचा हलेना, आणि मला त्याच्यापासून सुटायचं होतं. मी पुढे म्हणालो, "दिनभर छत पर चढ़ा रहता है. वहाँ क्या देखता है, भगवान जाने."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं; लढाईच्या दिवसांत अशा माणसाला लोक हेर समजत. "अच्छा," म्हणून तो निघून गेला.

संध्याकाळी गच्चीवर गेलो तर पायलट उड्या मारत होता. "कंपनीचा माणूस आला आहे! वडिलांना भेटून गेला. ओमती चौकातल्या लॉजमध्ये उतरला आहे, उद्या सकाळच्या गाडीनं जाणार. मी त्याला तुझं नाव दिलं होतं. भेटला का?"

"नाही," मी म्हणालो.

"नसेल वेळ मिळाला. भेटला असता तर काम पक्कंच होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर निघालो आणि सायकल ओमतीकडे घातली. काय बोलायचं ते ठरलं होतं. साहेब, काल मी घाबरलो होतो, हा माणूस सोन्यासारखा आहे, गच्चीवर तो खुर्चीत बसून विमान उतरवतो. लॉजच्या दारात पोचलो. तो माणूस आत, समोरच, वर्तमानपत्र वाचत बसलेला दिसत होता. मी सायकल भिंतीला लावली. तेवढ्यात मनात आलं: काल एक बोललो, आज दुसरं बोलतो आहे, याने फॅक्टरीत कळवलं तर? फॅक्टरीचा पहिला भोंगा वाजला. मी सायकल उचलली आणि वळवली.

भोंग्यामुळे गेलो, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे भोंगा वाजला याचा मला आनंद झाला होता.

कंपनीने कळवलं, सध्या जागा नाही. पायलट गच्चीवर बसून होता, त्या दिवशी डोळे उघडे ठेवून. मला बघून म्हणाला, "तास कमी पडले, यार."

त्यानंतर त्याचे वडील आजारी पडले. क्लबात जाऊन अधूनमधून उडायचं, परवाना जिवंत ठेवायचा, हे परवडेनासं झालं. परवान्याची मुदत संपली. त्याने कुणाला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पुढे ट्रकची नवी फॅक्टरी निघाली, तेव्हा मी ओळखीच्या फोरमनकडे चकरा मारून त्याला तिथे चिकटवलं. तयार झालेला ट्रक रस्त्यावर चालवून तपासायचा, असं काम. मी त्यासाठी किती जीव टाकला, हे बघून तो म्हणाला, "सख्खा भाऊ करणार नाही एवढं केलंस, यार." मी खाली बघितलं. त्याला वाटलं, विनय.

ट्रकभोवतीही तो फेरी मारायचाच. फोरमन वैतागायचा, "अरे भैया, ट्रक है, उड़ेगा थोड़ी!"

"साहब, जहाज़ के पहिये देखकर ही बैठते हैं लोग. ट्रक का कोई नहीं देखता, इसीलिए रोज़ खाई में मिलता है."

त्याने परत पाठवलेला ट्रक पुन्हा उघडला की काहीतरी निघायचंच. एकाहत्तरच्या लढाईत ट्रक रात्रंदिवस बाहेर पडत होते. प्रत्येकाच्या बॉनेटवर तो थाप मारायचा आणि म्हणायचा, "जा बाबा, आणि आतल्या पोरांना घेऊन परत ये." पोस्टातल्या त्याच काकांनी आता मुलगी दिली. "ट्रक तर डोळ्यानं दिसते," ते म्हणाले.

मोहल्ल्यातली पोरं शेवटपर्यंत त्याला 'पायलट चाचा' म्हणत. डुमना विमानतळाच्या बाजूने एखादं विमान गेलं की सगळी त्याच्याकडे धावायची, आणि तो न बघता, नुसत्या आवाजावरून, कुठलं ते सांगायचा. बरोबर की चूक, कोण तपासणार? पण त्या वेळी त्याचा चेहरा बघण्यासारखा असायचा, आणि मी नेमका तेव्हाच दुसरीकडे बघायचो.

निवृत्तीनंतर तो नागपूरला मुलीकडे गेला. बरीच वर्षं मी जाईन जाईन म्हणत राहिलो, आणि एकदा खरोखर बसमध्ये बसलो. तिलवाऱ्याचा पूल ओलांडताना लोक नर्मदेत नाणी टाकत होते, मी हात जोडून वाक्य घोकत होतो. यावेळी बोलायचंच.

तो दारातच उभा होता. जावयाला म्हणाला, "हे बघा, आपल्या घरात जे काही आहे ते यांच्यामुळं." मुलगी पाया पडली. जेवायला पाटवड्यांची भाजी होती, वहिनी आग्रह करत होत्या. जेवण झाल्यावर आम्ही दोघेच गॅलरीत बसलो. मी विचारलं, "विमानाचं वाईट वाटतं का रे कधी?"

त्याने गॅलरीतून वर आभाळाकडे बघितलं. मग म्हणाला, "आधी वाटायचं. लोकांना सांगायचो तास कमी पडले. पण खरं सांगू? त्या फवारणीवाल्यांना माझे होते तेवढे तास चालणार होते. त्यांनी फक्त माणूस कसा आहे ते विचारलं. वडील चांगलं बोलले, मोहल्ला चांगलं बोलला, तुला विचारलं असेल तर तू चांगलंच बोलला असशील. एवढं होऊनही नाही म्हणाले, म्हणजे त्यांनी माझ्यात काहीतरी बघितलं असेल. उडताना माझ्यात काहीतरी कमी असेल, जे मला दिसलं नाही. मग मीच सोडून दिलं. काहून उगाच कुणाचं विमान पाडायचं?"

मी तोंड उघडलं. वहिनी बाहेर आल्या, म्हणाल्या, "भाऊजी, बसची वेळ झाली, डबा बांधला आहे." मी उठलो. तो खालपर्यंत सोडायला आला, रिक्षात बसवून दिलं, आणि म्हणाला, "पुन्हा ये, यार. निवांत बोलू."

पुन्हा जायचं होतंच. त्या हिवाळ्यात त्याच्या मुलीचा फोन आला.

मला त्याला माफ कर म्हणायचं होतं, पण त्याच्याआधी दुसरं सांगायचं होतं. तुझ्यात काही कमी नव्हतं रे. त्या माणसाने मला फाटकाशी गाठलं होतं, तुझ्याबद्दल विचारलं होतं, आणि मी म्हणालो, मी तुला ओळखत नाही.