तीन ओव्हरटेक आणि एक पेटी

मंडळी, आत्ताच पुण्यात पोचलोय आणि थक्क झालोय.

सकाळी जामसंड्याहून दोघे एकदमच निघालो. शेजारचे बाबलकाका आंब्याचा टेम्पो घेऊन, मी कार घेऊन. दोघांनाही माझ्या भावाच्या दुकानात यायचं होतं. मी एकशेवीसने त्यांना तीनदा मागे टाकलं. मध्ये दोनदा चहा आणि ऐसपैस जेवण झालं.

पोचतो तर टेम्पो अर्धा रिकामा!

"काका, तुम्ही आधी कसे?"

"साठ म्हणजे साठ. माका ब्रेक मारून चलणा नाय रे, आंबो दबता. लांबसूनच बघून ॲक्सिलरेटरवरचो पाय काढतंय."

खरंच, एका आंब्यालाही धक्का नव्हता.

मी डिकी उघडली. भावासाठी आणलेल्या पिकल्या आंब्यांचा रस पेटीतून ओघळत होता.

काकांनी वाकून पाहिलं. "बरेच ब्रेक मारलंस रे!"

तुम्ही कधी आपले ब्रेक मोजलेत?