रेखासाठी भरलेल्या बांगड्या

बायांनो, आज सकाळचीच गोष्ट.

मी करावे गावात एका घरात सैपाक करते. मनानं खचलेल्या पाच बाया तिथं बऱ्या व्हायला राहतात. त्यातली रेखा सासरी फार सोसून आलेली. मागनं कुणी आलं की दचकायची, हातातलं ताट पडायचं. घर चालवणाऱ्या ताई म्हणाल्या, "मावशी, तुमी येताय ते तिला लांबनंच कळू दे."

मग काय! नवरा गेल्यावर आठ वर्षांनी मी किणकिणणाऱ्या डझनभर काचेच्या बांगड्या भरल्या. नणंद म्हणाली, "आता नटायचं सुचतंय व्हय?" म्हटलं, "हो, स्थळ बघ!"

आज भांडी घासताना काढल्या आणि विसरले. तशीच रेखाच्या मागं गेले अन् मोकळे हात बघून जागीच थबकले. ती जवळ्याची बारीक सुकट निवडत होती. मान न वळवता म्हणाली, "मावशी, बांगड्या विसरलात. पाय घासत चालता, त्यानं कळलं."

"माझ्या चालीला नावं ठेवतेस?" म्हटलं, तर खुदकन हसली. पहिल्यांदाच!

ताई म्हणाल्या, "आता बांगड्यांची गरज नाही."

म्हटलं, "तिला नसंल. मला हाय."

तुमीपण दुसऱ्यासाठी सुरू केलेलं काही स्वतःसाठी ठेवलंय का? लाजू नका, सांगा.