खिळ्यावरचा कप

गेल्या शनिवारी सकाळी माणगावच्या बाजारात एका गोदी कामगाराचा अपमान झाला. अस्पृश्य म्हणून त्याला हॉटेलात घेतले नाही. चहा दिला तो दाराबाहेर खिळ्याला टांगलेल्या पत्र्याच्या कपात, आणि तो कपही त्यानेच विसळायचा.

त्याच्याबरोबर आलेल्या कुणबी दोस्ताचे नाव मला ठाऊक नाही. दोघे मुंबईला एकत्र राबतात, शिमग्याला गावी येऊन बाजारातली झाडून सारी हॉटेले पालथी घालतात.

"तू आत ये. तू आपला," मालक त्या कुणब्याला म्हणाला.

कुणब्याने सवयीने मिशा दोन्हीकडे सारल्या, दोस्ताच्या हातातला कप घेतला आणि पायरीवरच घोट मारला.

"आता तुझाही कप बाहेरच टांगणार," मालक बिथरला.

"टांग की. एका कपात दोघांचं भागत न्हाय. नि तुझ्या भज्यात नेहमीच मीठ कमी असतंय, त्ये बघ."

दोस्ताला हसून ठसका लागला.

सुधारणेची पत्रके वाटणारा मी आत बाकावर बसून बशीतून चहा ओरपत होतो. उठलो, पायरीवर त्यांच्याशेजारी बसलो आणि मालकाला तिसरा खिळा ठोकायला सांगितला.

वाचकहो, भिंत भरू द्या. पुढच्या बाजाराला बाहेरचाच कप मागा.