बेटावरच्या अव्वाची डाळ

लातूरच्या एका दुकानदाराने बेटावरच्या अव्वाला फसवलं. त्याला होडीत बसवून तिच्या दारात मीच नेलं होतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना मला कोणी साव समजायला नको.

अव्वाला भाव करताच येत नाही, असं मला पहिल्या दिवशी वाटलं होतं. मी नांदेडच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोती उचलून वर आलेला माणूस. समोरच्याचा चेहरा वाचून भाव पाडायचा, हेच माझं शिक्षण. विष्णुपुरी धरणाच्या वरच्या अंगाला, गोदावरीच्या फुगवट्यात चारी बाजूंनी पाणी आलेलं एक बेट आहे. तिथे अकरा घरं, प्रत्येकाची थोडी थोडी तूर, आणि सगळ्यांच्या तुरीची जात्यावर डाळ करणारी ही एकटी म्हातारी. मी डाळीत हात घातला, तोंड वाकडं केलं आणि म्हणालो, "मोंढ्यात याच्याहून स्वस्त मिळते."

ती जात्यावरून उठली. "बस. एक शेर भरड. मग भाव बोल."

रागाच्या भरात मी बसलो. अर्धा शेरही झाला नाही तोच तळहाताला फोड आले आणि डाळीपेक्षा चुराच जास्त पडला. "आता बोल, मोंढ्याच्या राजा," ती म्हणाली. मी मुकाट्याने तिचा भाव दिला. पुढे दरवर्षी तोच दिला, आणि दरवर्षी भांडून दिला.

ती मूळची उदगीरकडची, लिंगायताची लेक. मराठी बोलता बोलता मध्येच कानडी यायची. म्हणून सगळं बेट तिला अव्वा, म्हणजे आई, म्हणे. जवळचं माणूस म्हणाल तर एक मुलगी, तीही उदगीरलाच दिलेली. अकरा घरांच्या बायका तिच्या हाताखाली पाखडायला, निवडायला यायच्या. बेटावरच्या चुली त्या डाळीवर पेटत होत्या, हे मी हिशोबी माणूस म्हणून सांगतो.

एका घरची तूर ती दुसऱ्या घरच्या तुरीत मिसळू द्यायची नाही. "वरच्या रानातली तूर हाय ही, तहानलेली. हिला जास्त भिजवावं लागतंय," असं दाण्याला नुसता हात लावून सांगायची. मी म्हणायचो, "अव्वा, सगळी एकत्र कर, काम लवकर उरकेल." ती म्हणायची, "घाई केली की चुरा पडतो अप्पा. तुला म्हाईत हाय की." बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

तिची दुसरी सवय मात्र माझं डोकं फिरवायची. मालातली खोट कोणी विचारायच्या आधीच ती सांगून मोकळी व्हायची. मी गिऱ्हाईक घेऊन गेलो की हिचं सुरू, "औंदाची डाळ शिजायला वेळ घेतीय बरं का." एकदा गिऱ्हाईक होडीकडे गेल्यावर मी ओरडलोच, "तुला विकायची आहे का परत पाठवायची आहे?" ती म्हणाली, "डाळ नेणाऱ्या बाईची चूल पेटलेली असंल, लेकरं ताटावर बसलेली असतील. तवा ती कुणाला शिव्या देईल? मलाच न्हाई का?"

आणि मग मी त्या दुकानदाराला नेलं. लातुरात त्याचं काचेचं दुकान, सेंद्रिय मालाचं. गोड बोलणारा. मला वाटलं, बेटाचं नाव होईल. खोटं कशाला बोलू, माझंही होईल. तो अव्वाच्या पाया पडला, जात्यापाशी मांडी घालून बसला आणि मोबाईल समोर धरून म्हणाला, "अव्वा, डाळीला एवढी चव कशाने येते? काय घालता यात?"

मी मागून खूण करत होतो की फक्त जात्याचं सांग. पण अव्वा ती अव्वाच.

"माती घालतो," ती म्हणाली. "नदीचा गाळ. वस्त्रगाळ करून तुरीला चोळतो, उन्हात वाळवतो. साल सुटायला लागतो तो. भरडली, पाखडली की सालीसंगं माती निघून जाते. डाळीत कणभर राहात न्हाई."

जुन्या घरांमधून डाळ अशीच व्हायची, हे वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. दुकानदाराने मान डोलावली. जाताना कुंडीसाठी म्हणून गाळाचं एक पोतं मागितलं. अव्वाने दोन दिली. मग तो म्हणाला, "यापुढे सगळी डाळ मलाच द्यायची, दुसऱ्या कोणाला नाही." अव्वाने माझ्याकडे बोट दाखवलं. "हा इतकी वर्सं भांडून भांडून नेतोय. ह्याला काय सांगू?" तो हसला आणि होडीत जाऊन बसला.

महिनाभरात ते चित्रीकरण नांदेडभर फिरलं. त्यात अव्वा एवढंच म्हणते, "माती घालतो. नदीचा गाळ." पुढचं सगळं कापलेलं. माझी जुनी गिऱ्हाइकं 'मातीची भेसळ' म्हणत डाळ परत आणून माझ्या दुकानाच्या ओट्यावर आदळू लागली. मी तसाच बेटावर गेलो आणि सगळ्या बायकांदेखत अव्वावर ओरडलो, "तोंड गप ठेवता येत नव्हतं तुला?"

तिने सूप खाली ठेवलं. "मी खोटं काय बोलले ते सांग."

तिची माफी मी तेव्हाही मागितली नाही.

बायका रडकुंडीला आल्या. "अव्वा, फोनपुढं परत एकदा बोल. माती घालत न्हाई म्हण, एवढंच म्हण." ती म्हणाली, "घालतो की आपण." त्यांच्यासाठी तिने गाळाशिवाय तूर भरडून पाहिली. साल सुटेना, सगळा चुरा झाला. दुसऱ्या दिवशी तिने जातं भिंतीला लावून ठेवलं. आता बेटावरची तूर पोत्यात भरून अख्खीच मोंढ्यात येते आणि सगळ्यांच्या तुरीत मिसळून जाते. पाखडणाऱ्या बायका होडीने मजुरीला जातात.

अव्वा मुलीकडे गेली. तिला उदगीरच्या गाडीत मीच बसवलं. खिडकीतून म्हणाली, "त्या माणसाला तू आणलास म्हणून झुरू नको. पण त्याला इचार, माझं बोलणं तोडून त्याला काय मिळालं?"

काय मिळालं ते मी लातूरला जाऊन डोळ्यांनी पाहून आलो. त्याच्या काचेच्या कपाटात आता 'नदीच्या गाळात मुरवलेली, जात्यावरची पारंपरिक डाळ' मांडलेली आहे. मी जाब विचारला तर म्हणतो, "शेठ, मी एक शब्द तरी बदलला का? तिनेच सांगितलं."

बदलला नाहीस, गिळलास. अव्वाचं पूर्ण बोलणं तुझ्या मोबाईलमध्ये आहे, आणि ते खरं आहे हे तुझं कपाटच सांगतंय. ते सगळं बोलणं आहे तसं सोड लोकांत. आणि उदगीरला चल. गाडी माझी. तिच्या समोर बस, माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघ, आणि उत्तर दे: तुझ्या डाळीतला गाळ परंपरा आहे, तर अव्वाच्या डाळीतला गाळ भेसळ कसा झाला?