मॅटच्या डाव्या कोपऱ्यातला जितूदादा

कबड्डीत चढाई करणाऱ्या रेडरांची नावं तुम्हाला पाठ असतील. पण त्यांना अडवताना ज्याच्या तोंडावर गुडघा बसतो, अशा एका तरी डिफेंडरचं नाव सांगता येईल तुम्हाला? मी सांगते. जितेंद्र पाटील, कोपर गावचा, लेफ्ट कॉर्नर. माझा आतेभाऊ. काही आठवड्यांपूर्वी कल्याणच्या हॉस्पिटलमधून त्याच्या थोरल्या भावाचा फोन आला. "ये तू," एवढंच म्हणाला... मी समजले.

जितूदादा अंगाने ठेंगणा आणि रुंद. कोपऱ्यात दबा धरून उभा राहायचा, रेडरचा पाय लांबला की झेप घेऊन घोटा धरायचा. त्यामुळे डोकं कायम समोरच्याच्या गुडघ्याशी. खाडीकडच्या मातीतून तो मॅटवर गेला, व्यावसायिक लीगमध्ये खेळला, टीव्हीवर आला. कॅमेरा मात्र रेडरच्या मागे. मग आत्या उठून पडद्यावर बोट ठेवायची, "ह्यो पाय धरलाय ना, तो आमचा बाला." पुढे त्याचा खांदा निखळला आणि संघाने त्याला सोडलं. पुन्हा बोलावणं येईल या आशेवर तो गावोगावच्या स्पर्धा खेळत राहिला. "लीगमध्ये डोक्याला लागलं की डॉक्टर बाहेर काढतो," एकदा मला म्हणालेला, "इथे मीच माझा डॉक्टर."

टिटवाळ्याच्या स्पर्धेला लीगसाठी खेळाडू निवडणारा एक जण येणार होता. तो आला, पहिल्या रांगेत बसला. त्याच सामन्यात रेडरचा गुडघा दादाच्या कानशिलावर बसला. त्याला बाकावर आणलं, मी पाणी घेऊन धावले. "स्कोर काय गं?" त्याने विचारलं. मी सांगितला. तो पाणी प्यायला आणि म्हणाला, "स्कोर काय गं?"

मी कर्णधाराला गाठलं. "त्याला आत घेऊ नकोस."

"अगं, जरा सुन्न झालंय डोकं. तू काय डॉक्टर आहेस?"

"नाही ना. म्हणून विचारतेय, डॉक्टर कुठाय?"

डॉक्टर नव्हता. स्टेज होतं, हार होते, पाहुण्यांसाठी कूलर होता. आत्या गर्दीतून बाकापाशी आली. "नको जाव रं बाला."

"आये, तो बघायला आलाय. आज बसलो तर कायमचाच बसलो."

तेवढ्यात लाऊडस्पीकर गरजला, "बघा मंडळी, आपला वाघ उठतोय!" अख्खं मैदान टाळ्या वाजवू लागलं. आत्या काहीतरी म्हणत होती, तिचे फक्त ओठ हलताना दिसले. मी दादाचं मनगट धरलं. आयुष्यभर दुसऱ्यांना धरून ठेवणारा तो माणूस... त्याने अलगद सोडवून घेतलं.

पुढच्याच रेडला त्याने झेप घेतली, पण जराशी उशिरा. रेडरची टाच डोक्यात बसली. तरी घोटा सुटला नाही. पंचांनी गुण दिला. सगळे उठले, दादा उठला नाही. त्याला कल्याणच्या हॉस्पिटलमध्ये नेलं, आणि मग तो फोन आला.

त्याच्या कबड्डी मंडळाच्या फलकावर लिहिलंय, 'मैदानावर लढता लढता वीरमरण.' मला हे मान्य नाही. धड स्कोर लक्षात न राहणाऱ्या माणसाला परत पाठवलं गेलं, आणि पाठवणाऱ्यांत ते टाळ्या वाजवणारे हातही होते.

तुमच्याकडेही सामने होतील. मांडव घालायच्या आधी आयोजकांना विचारा, डॉक्टर कुठे बसणार? आणि डोक्याला लागलेला एखादा परत आत निघालेला दिसला, तर टाळ्या वाजवू नका. बाकापाशी उभ्या असलेल्या त्याच्या आईचा आवाज त्याच्यापर्यंत पोचू द्या.