कुटताना स्पॅनिश, लाटताना पोर्तुगीज

आज अकोल्यात माझ्या स्वयंपाकघरात पापडखाराचा आणि हिंगाचा वास दरवळला, आणि मी थेट अमरावतीच्या आमच्या अंगणात जाऊन बसले.

तेव्हा मी कॉलेजात होते आणि दुसऱ्या दिवशी माझी तोंडी परीक्षा होती, स्पॅनिश आणि पोर्तुगीज दोन्हींची. ‘जवळ असणे’ हे रोजच्या वापरातलं क्रियापद, पण दोन्ही भाषांतली त्याची रूपं सख्ख्या बहिणींसारखी. तोंडात नुसती सरमिसळ व्हायची. आई शेजारणींसोबत उडदाच्या पापडांचं पीठ कुटत होती. मला रडकुंडीला आलेली पाहून म्हणाली, “काहून रडून रायली? बस इथं. एक भाषा कुटताना म्हण, दुसरी लाटताना.”

मग मुसळाच्या ठोक्यावर तेंगो, तिएनेस, तिएने, तेनेमोस. आणि लाटणं फिरवत, सावकाश, तेन्यो, तेन्स, तेम. शेजारणीही हसत हसत माझ्यामागून म्हणू लागल्या. रस्त्यावरून कुणी ऐकेल म्हणून मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

“अन् तेनेमोस म्हंजे काय वं?” आईनं विचारलं.

“आमच्यापाशी आहे.”

“काय आहे?”

“काहीबी. घर, गाय, पोरगी.”

आईनं तेलकट हात पुसले, शेजारणींकडे पाहिलं आणि ठणकावून म्हणाली, “मंग आमी तेनेमोस पोरगी!”

आज मी या दोन्ही भाषा शिकवते. रोज दुसऱ्यांच्या चुका काढते. पण आईच्या त्या वाक्यात कुणी चूक काढून दाखवावी, बघतेच मी.